रविवारी कमेंट करणारा माणूस

९ जानेवारी २०१२, सोमवार

घडलं ते असं.

१. शनिवारी ऑफिसच्या कामाने लातूरला गेले. मुलींचं होस्टेल. खाली मोकळं पार्किंग, वर चार मजले, सगळे क्लासच्या मुलींनी भरलेले. मालक मलप्पा सरांना पाचवा मजला चढवायचा आहे.
२. पार्किंगमधल्या तिसऱ्या कॉलमला बीमच्या खाली तिरकी भेग. पुट्टी भरून वर रंग मारलेला.
३. आमच्या निजामोद्दीन साहेबांनी फोनवर पाचवा मजला नाकारला आणि भेगेचंही सांगितलं. मलप्पा सर म्हणाले, दुसरा इंजिनियर बघतो.
४. रविवारी मी ब्लॉग सुरू केला. नाव 'तिसरा कॉलम'. भेगेचा फोटो टाकला. होस्टेलचं नाव नाही. माझंही नाही.
५. शेवटचं वाक्य : 'भूकंपाला वीस वर्षं होत आली आणि लातूरकर अजून पुट्टीने भेगा बुजवतात. परीक्षेआधी हे होस्टेल रिकामं करा.'
६. सगळ्यात वर नियम : 'इथे प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे. एकही कमेंट काढली जाणार नाही.'

नियम स्वच्छ आहे. बाकीचे लोक टीकेला घाबरतात.

१५ जानेवारी, रविवार

कमेंट्स आल्या. पहिली : 'नांदेडला बसून लातूरला नावं ठेवून राहिली. आधी आमचं आयुक्तालय पळवायला निघाले, आता क्लासेस. अजून काय पाहिजे?' ब्लॉगवर नांदेड कुठेही लिहिलेलं नाही. बहुधा माझी भाषा शुद्ध आहे म्हणून कळलं असावं.

दुसरी : 'तुझं सिलेक्शन झालं नसंल म्हणून जळून राहिलीस.' माझं इंजिनियरिंगला सिलेक्शन झालं होतं. हे कळवायची गरज नाही.

तिसरी : 'भूकंप झाला तवा पाळण्यात होतीस, चालली शिकवायला.' मी बालवाडीत होते. पाळण्यात नव्हते.

मला राग आलेला नाही. उत्तरही द्यायचं नाही.

१६ जानेवारी, सोमवार

उत्तर दिलं नाही. फक्त मुद्दे मांडले. तीन पानं झाली. बालवाडीचा मुद्दा पहिला घेतला.

२२ जानेवारी, रविवार

पुन्हा कमेंट्सचा ढीग. 'बाई हाय का गडी? गडी असशील तर समोर ये, बाई असशील तर लग्न कर.' एकानेही खरं नाव दिलेलं नाही. नाव लपवून लिहिणं हा भित्रेपणा आहे. (माझं नाव नाही ते वेगळं. ते धोरण आहे.)

मग लक्षात आलं. कमेंट ज्या इंटरनेट जोडणीवरून आली तिचा नंबर ब्लॉगच्या मालकाला दिसतो. सगळ्या कमेंट्सचा नंबर एकच! म्हणजे माणूस एकच. नावं बदलतो, भाषा बदलतो, दोनदा तर मुलगी असल्याचं सोंगही आणलं.

मनावरचं ओझं उतरलं. लोक माझ्या विरोधात नाहीत. एक माणूस आहे.

आतापर्यंतचा अंदाज : पुरुष. नोकरदार, कारण फक्त रविवारी लिहितो. लातूरशी संबंध. मराठी कच्ची.

२४ जानेवारी, मंगळवार

बालाजी. शेजारच्या टेबलावर बसतो. गाव लातूरजवळचं मुरुड. दर शनिवारी संध्याकाळी लातूरची बस धरतो. 'रिइन्फोर्समेंट' पाच प्रकारे लिहितो.

आज चहा पिताना स्वतःहूनच म्हणाला, तो तिसरा कॉलम ब्लॉग वाचला का तुम्ही? बाई लई नेमकं लिहिते, पण बोलती अशी, जसं काय आपण सगळे तिचे नापास विद्यार्थी हाव. मी म्हटलं, मला वेळ नसतो. गुन्हेगार स्वतःहून विषय काढतो. त्याच्याशी बोलणं बंद केलं.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदनाहून आल्यावर तो नंबर ब्लॉक केला. त्याच्या जुन्या कमेंट्स कचऱ्यात टाकल्या. नव्याही आपोआप तिथेच जातील.

नियम मोडलेला नाही. 'प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे' असं लिहिलंय. हे प्रत्येक नव्हे, हा एक आहे.

२९ जानेवारी, रविवार

ब्लॉगवर एकही कमेंट नाही. वातावरण निकोप. कचऱ्याचा आकडा मात्र वाढतोय. न वाचता वाढू दिला. वाचणं म्हणजे त्याला महत्त्व देणं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

बालाजीने विचारलं, माझं काही चुकलं का? 'तुम्हाला माहीत आहे' एवढंच म्हटलं. त्याने आईने दिलेले धपाटे पुढे केले. लाच द्यायचा प्रयत्न. दोन खाल्ले.

तर्क पूर्ण झाला आहे. होस्टेलची बाजू घेतो, म्हणजे तो रविवारी मलप्पा सरांच्या होस्टेलच्या ऑफिसात बसून लिहितो. परवा जाऊन समोरासमोर पकडायचं.

५ फेब्रुवारी, रविवार

होस्टेलला गेले. बहिणीसाठी खोली बघायची आहे असं सांगितलं. मेट्रन नागम्मा, उदगीरकडच्या, यांनी मला ओळखलं नाही. मागच्या वेळी डोक्यावर हेल्मेट होतं.

ऑफिसात बालाजी नव्हता. शेजारच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि बाहेर जिन्यापर्यंत मुलींची रांग. नागम्मा म्हणाल्या, आयतवारी नेट असतंय, येकीला धा मिनटं. मी सहज विचारलं, काय बघतात? त्या म्हणाल्या, बघत न्हाईत, लिवत्यात. कोन नांदेडची भवानी हाय, खांब बघून गेली अन् आता व्हस्टेल रिकामं करा म्हनती. परीक्षा तोंडावर आली, पोरींनी जावं कुठं? तुज्या बापानं खोली बांधून ठिवलीय का? मंग एकेकीनं लिवलं. म्याबी सांगितलं, उमरीच्या पोरीनं लिवून दिलं.

मी विचारलं, तुमचं कोणतं?

पाळन्याचं, त्या म्हणाल्या. लई झ्याक जमलं.

रांगेतल्या सगळ्या हसल्या. एक म्हणाली, पण आता मावशी, आपलं काहीच दिसत नाही तिथं. बयेनं तोंडच बंद केलं आपलं.

खोलीचं भाडं विचारून निघाले. बालाजीबद्दल अंदाज थोडा चुकला.

६ फेब्रुवारी, सोमवार

कचरा उघडून वाचला. सगळा. त्या मुलींचं मराठी माझ्या समजुतीपेक्षा बरंच समृद्ध आहे.

२९ जानेवारीच्या कमेंट्समध्ये एक अशी. नाव नाही, शिवी नाही : 'पार्किंगवरच्या आमच्या खोलीचं दार घासून राहिलं. दिवाळीत नीट लागत होतं. त्या कॉलमचं प्लास्टर पडलं तर झाडून टाकलं. सरांना सांगितलं तर अभ्यास कर म्हणतात. ताई, हे कुणाला सांगायचं?'

पार्किंगवरची खोली. लागत नसलेलं दार. कॉलम खचत असेल तर पहिली खूण हीच. ती मला सांगत होती आणि मी वातावरण निकोप ठेवत होते.

साहेबांना वाचून दाखवलं. ब्लॉग माझा आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, ते पहिल्या दिवशीच कळलं, बेटा, फोटोत तुझी टेप आहे. मग मलप्पा सरांना फोन केला. सर म्हणाले, पार्किंगवर सोळा खोल्या आहेत, सगळी दारं ठीक आहेत, कोण म्हणतं ते नाव सांगा. साहेबांनी फोन ठेवला. म्हणाले, कोणत्या कॉलमवरची खोली तेवढं आण. मी त्याच दिवशी गाडी काढतो, महापालिकेच्या माणसाला सोबत घेऊन. नुसत्या 'एका खोलीवर' तो येणार नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

ब्लॉक काढला. सगळ्या कमेंट्स जागेवर ठेवल्या, पाळण्याची सुद्धा. बालाजीला धपाट्यांबद्दल थँक्यू म्हटलं. कशाबद्दल आत्ता, असं त्याने विचारलं. सांगितलं नाही.

मग सगळ्यात खाली, इतरांसारखीच, एक कमेंट लिहिली. इथे उतरवून ठेवते.

'मी पुनम शेषेराव ढगे, स्ट्रक्चरल इंजिनियर, नांदेड. हा ब्लॉग माझा आहे. तुमच्या कमेंट्स मी बंद केल्या होत्या, आता सुरू आहेत. ज्या मुलीने दाराबद्दल लिहिलं तिने खोली नंबर आणि दार वर घासतं की खाली, एवढं कळवावं. नाव नको. शिव्या सोबत चालतील. या रविवारी, १२ फेब्रुवारीला, तुमची नेटची पाळी असेल तेव्हा उत्तर द्यावं, ही विनंती.'