शहाद्याची बारा विमाने

३ नोव्हेंबर १९४०, शहादा.
लढाईसाठी शहाद्याच्या बायका बारा लढाऊ विमाने देतील, अशी तार आज कलेक्टरच्या मडमेला धुळ्याला करून बसले. तार परत घेता येत नाही. आता शिस्तीने वागायला हवे, म्हणून ही रोजनिशी.
बाराच का? धुळ्याच्या चहापार्टीत दुसऱ्या एका तालुक्याची प्रेसिडेंटबाई एक विमान देऊ म्हणाली. तीस वर्षांपूर्वी बी. ए. झालेल्या बाईने त्यावर दोन म्हणावे? शिवाय देणाऱ्याचे नाव विमानावर रंगवतात. पहिल्यावर माझे: द्वारका. उरलेली नावे सावकाश.

१० नोव्हेंबर.
वत्सलाबाईंच्या ओसरीवर बायकांच्या लढाई-फंड कमिटीची सभा, प्रेसिडेंट मी. गर्दी उत्तम. माझे स्पीच पाऊण तास. नंतर वत्सलाबाईंनी विचारले, विमान बांधायचे कोणाच्या गोठ्यात. तापीबाई म्हणाल्या, केळीवरची वटवाघळे हाकलणार असेल तर बघू.
व्यापक दृष्टी शून्य. आकडा सहावर आणला. सहा म्हणजे जवळजवळ बाराच.

११ नोव्हेंबर, पहाटे.
आजपासून घरोघर फिरणे.

११ नोव्हेंबर, दुपार.
थंडी फार. उद्यापासून.

२१ नोव्हेंबर.
बायका म्हणतात, जनावर पाहिल्याशिवाय घेत नसतात. वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. त्यांनी सारंगखेड्याच्या बाजारात घोडे पारखणाऱ्या रेवजीला बोलावले. त्याने फोटो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.
"पुढला पाय दोन शेतस, मांगला एकच. हाई परत करा, बाई."
ते चाक आहे, हे मी नीट समजावले. तोवर ओसरी रिकामी.

२ डिसेंबर.
डावपेच बदलला. एकच विमान मागितले. वत्सलाबाई उसळल्या.
"बैल बी आम्ही जोडी लेतस. एकलं आनीसन कोना संगे जुपसूत?"
म्हणजे एक मागितले, दोन मिळाली. मला माणसे कळतात. दार लावून काहीतरी शिवणे चालले आहे. विमानावर नाव कोणाचे, विचारत होत्या. माझे, म्हटले. सगळ्यांनी मान डोलावली.

१४ डिसेंबर, सारंगखेडा.
यात्रा. मडम आली. मी स्पीचला उभी राहिले, तेवढ्यात वत्सलाबाईंनी गाठोडे सोडले: बैलांच्या पाठीवर घालायच्या दोन झुली, दोन घुंगरमाळा. दुभाष्याकरवी सांगितले की आधी जोडी आणून दाखवा, चालवून दाखवा, मग देण्याघेण्याचे बोलू. पण नवे जनावर उघड्या पाठीने दारात येऊ नये, म्हणून एवढे आत्ताच न्या.
मडम इतकी हसली की टोपी पडली. झुली तिथेच स्वतःच्या बग्गीच्या घोड्यांवर घातल्या. एकीवर दोऱ्याने नाव भरले होते वत्सला, दुसरीवर तापी. प्रेसिडेंट अशी हवी, असे मडम म्हणाली. माझ्याकडे पाहून नव्हे.

सुपूर्द केले ते असे. मडमेकडे: झुली दोन, घुंगरमाळा दोन, विमाने नाहीत. वत्सलाबाईंकडे: कमिटीचे प्रेसिडेंटपद, मी स्वखुशीने.