गुरुवारच्या लग्नाची आगाऊ बातमी

रत्नागिरी, वैशाख शुद्ध दशमी, शके १८५४

तीर्थस्वरूप बापूमामा यांच्या चरणी सदूचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, निदान प्रकृतीने तरी. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी निर्गुडीचा शेक घ्यायला सांगते तो घेत जा. (घेत नसणार हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहिले.) दापोलीस वाऱ्याने आंबा फार झडला असे ऐकले. तुमच्या परसातला वाचला असेल अशी आशा आहे.

माझ्या शिक्षणाची चौकशी तुम्ही मागच्या पत्रात केली होती. आमच्या 'रत्नागिरी वृत्तविद्यापीठा'त वृत्तपत्रविद्या शिकवतात. विद्यापीठ म्हणजे अण्णा फणसळकरांच्या छापखान्यामागची खोली. (पाटी खोलीहून मोठी आहे. तिने खिडकी झाकली गेल्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो.) अण्णा हेच कुलगुरू, हेच सर्व विषयांचे अध्यापक आणि आमच्या साप्ताहिकाचे संपादकही हेच. विद्यार्थी पूर्वी बरेच होते. आता मी उरलो आहे. सकाळी खिळे जुळवायचे, दुपारी मुद्रिते तपासायची आणि संध्याकाळी अंकांच्या घड्या घालताना अण्णांचे व्याख्यान ऐकायचे असा अभ्यासक्रम आहे. ज्येष्ठापर्यंत प्रमाणपत्र मिळाले तर बरे, नाहीतर मुरुडास परत येऊन नारळ सोलायला बस, असे आप्पांनी मला निघतानाच बजावले होते. तुम्हाला ते ठाऊक आहेच. आप्पा बोलले की बदलत नाहीत, त्यामुळे मी जिवावर उदार होऊन शिकत होतो.

अण्णांची एक पद्धत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. अंक बुधवारी छापून गुरुवारी पहाटे टपालात पडतो. म्हणून ठरलेल्या गोष्टींच्या बातम्या, म्हणजे मुंजी, लग्ने, सत्यनारायण, शाळेचा बक्षीस समारंभ, आम्ही त्या घडण्याआधीच लिहून टाकतो. अण्णा म्हणतात, ठरलेली गोष्ट घडणारच, तिची वाट बघत बसेल त्याचे टपाल चुकेल. आणि आमच्या अंकात आजवर एकदाही दुरुस्ती छापलेली नाही, याचा त्यांना फार अभिमान आहे.

तर गेल्या गुरुवारी मुख्त्यार मुकुंदराव गानूंच्या मालिनीचे लग्न होते, गोरज मुहूर्तावर. बातमी माझ्याकडे आली. मी मंगळवारी माहिती आणायला गेलो तेव्हा मुकुंदराव मांडवावर झावळ्या चढवून घेत होते, म्हणून सगळी माहिती खुद्द नवरीनेच दिली. (मुलगी इंग्रजी पाच यत्ता शिकलेली आहे आणि बोलताना समोर बघते.) घरी येऊन मी झकास बातमी लिहिली. गुरुवारी लग्न थाटात पार पडले, मांडव फुलून गेला होता, मठ्ठा उत्तम होता. अण्णांनी चष्मा शोधला, सापडला नाही, तशीच छापायला दिली.

वऱ्हाड मुंबईहून गुरुवारी सकाळच्या आगबोटीने यायचे होते. पण त्या दिवशी समुद्र असा खवळला की उतारूंना किनाऱ्यावर आणणारा एकही पडाव बोटीला लागू शकला नाही, आणि बोट उतारूंसकट पुढे पणजीला गेली. मुकुंदराव धक्क्यावर उभे राहून व्याह्यांना पाहत होते, व्याही कठड्याशी उभे राहून हात हलवीत होते. पुढच्या एखाद्या बंदरात उतरून येतील या आशेवर पाहुणे संध्याकाळपर्यंत मांडवात बसले. करमणुकीला कुणीतरी आमचा ताजा अंक आणला. मामा, लोक मांडवात बसून तेच लग्न थाटात पार पडल्याचे वाचत होते. मी मागल्या दाराने निघून आलो.

दुसऱ्या दिवशी पणजीहून तार आली. मुहूर्त चुकला, अपशकुन झाला, सोयरीक मोडली. मुकुंदराव ती तार आणि आमचा अंक घेऊन छापखान्यात आले. "काय हो फणसळकर, मला न विचारता माझ्या मुलीचं लग्न लावून मोकळे झालात! आता जावई कुठाय तो काढा बघू बाहेर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अण्णांनी चष्मा लावून बातमी प्रथमच वाचली आणि माझ्यावर ओरडले, "गाढवा, नवऱ्याचं नाव कुठाय? मुख्य माणूसच गाळलास? चालता हो माझ्या विद्यापीठातून!" मी टोपी उचलली. इतक्यात ते थांबले, पुन्हा एकदा बातमी वाचली आणि शांतपणे म्हणाले, "मुकुंदराव, हिच्यात खोटं काहीच नाही हो. गुरुवार म्हटलंय, तारीख नाही. लग्न म्हटलंय, नवरा कोण ते नाही. बातमी खरी आहे, घडायची राहिली आहे इतकंच." मग अण्णांनी माझे गोत्र विचारले. ते गानूंच्या गोत्राहून वेगळे निघाले.

मुकुंदरावांनी घरी जाऊन मुलीला विचारले. ती म्हणाली, "बोटीत बसून पुढे जाणाऱ्यांपेक्षा हे बरं. हे निदान वेळेआधी तरी पोचतात." मांडव उभाच आहे. लग्न येत्या गुरुवारी आहे आणि प्रमाणपत्र शुक्रवारी. मामींस सा. न.

तुमचा आज्ञाधारक
सदू

ता. क. वरील मजकूर आप्पांना कळलेला नाही. आज ना उद्या कुणीतरी ही बातमी मुरुडास नेईलच, त्याआधी तुम्ही जाऊन सांगा. आई असती तर मी तिच्या कानात सांगितले असते आणि तिने त्यांचे जेवण झाल्यावर विषय काढला असता. तुम्हीही जेवणानंतरच काढा. आणि गुरुवारी नवऱ्याच्या पाठीशी मामा उभा लागतो. वरपक्षात मी एकटाच आहे. गुडघा दुखत असला तरी या. बोटीच्या भरवशावर राहू नका, खुष्कीने या.

ता. क. दुसरा. प्रमाणपत्रासाठी मी हे लग्न करतो आहे असे आप्पांना सांगितले तरी चालेल, त्यांना ते पटेल. मालिनीला मात्र पटलेले नाही. काल तिने अंक माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "नवऱ्याचं नाव एकदाही नाही, आणि माझं ओळीआड आहे. इतकी चूक कुणी चुकून करत नाही."