सात नंबरचा नळ

२ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! लेकीने हॉटेलचे फोटो दाखवले तेव्हा वाटलं होतं, दार उघडलं की समुद्र पायाशी येऊन बसणार. दार उघडलं तर समोर भिंत, भिंतीपलीकडे जनरेटरची घरघर. समुद्र दिसतो, नाही असं नाही. न्हाणीघरातल्या स्टुलावर चढून वरच्या झरोक्यातून डोकावलं तर बोटभर दिसतो. हे चढून बघून आले आणि म्हणाले, "आहे बरं का. पळून नाही गेला."

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, समुद्र दिसतो ना गं खोलीतून?"

"दिसतो की!" म्हटलं. पोरीने पोटाला चिमटा घेऊन आम्हाला इथे पाठवलंय. तिला काय सांगू, तुझा बाप स्टुलावर उभा आहे म्हणून?

पोहायचा तलाव कोरडा, तळाशी बसून दोन माणसं फरशा लावतायत. किनाऱ्यावर लाल झेंडा, पाण्यात पाऊल टाकायचं नाही. गादी इतकी मऊ की कुशीवर वळायचं तर एकमेकांना हात देऊन ओढावं लागतं. आणि नळ ठिबकतोय.

३ नोव्हेंबर, मंगळवार

नळ ठिबकत असताना ह्यांना झोप लागेल ही आशाच खुळी. जन्म गेला नळांमागे. हात थरथरायला लागल्यापासून कुणी बोलावत नाही, म्हणून पान्यांची पिशवी घरी पलंगाखाली पडून असते — असं मला वाटत होतं! सकाळी बघते तर पिशवी आमच्या बॅगेत, माझ्या चांगल्या कपड्यांच्या खाली!

"अहो, सुट्टीवर आलोय ना आपण?"

"मी आहे सुट्टीवर. नळ कुठे आहे?"

त्यांना तिथेच गुडघे टेकून बसलेलं सोडलं आणि एकटीच नाश्त्याला गेले.

तिथे एक बाई भेटल्या. गळ्यात मोत्यांचे दोन पदर, बोलणं कसं अगदी हळुवार. त्या सात नंबरच्या खोलीत आहेत. माझ्या निळ्या पोशाखाकडे बघतच राहिल्या. "शिवण काय सुरेख आहे! कुठून घेतलात?"

मीच शिवला म्हटलं. इथवर खरं होतं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचं दुकान आहे?" आणि मी म्हणाले, होतं. चार मुली हाताखाली होत्या म्हणाले! जिन्याखालच्या बोळात एक मशीन आणि एक बल्ब, त्याचं दुकान झालं. त्या बल्बच्या उजेडात मी गिऱ्हाइकांनी कापड गुंडाळून आणलेली वर्तमानपत्रं अक्षर लावून लावून वाचायला शिकले. ते सांगण्यासारखं होतं. ते नाही सांगितलं.

"मिस्टर नाही आले?"

"ते जरा उशिरा उठतात."

मिस्टर तेव्हा फरशीवर पालथे पडून नळाच्या पोटात बघत होते.

४ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

चहाच्या वेळी मोतीवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडेही आला होता का तो म्हातारा प्लंबर? खांद्यावर टॉवेल टाकून हिंडतो बघा. माझा नळ गळतोय म्हणून मी व्हरांड्यात नुसतं बोलले, तर लगेच पिशवी घेऊन हजर. पैसेसुद्धा नको म्हणाला! गमतीशीरच आहे."

एवढंच तर म्हणायचं होतं, अहो, ते आमचे हे. सोपं होतं. पण दुकान मध्ये आलं, चार मुली मध्ये आल्या.

"हो, आला होता," मी म्हणाले. "बरा आहे कामाला."

बरा आहे कामाला!! नवऱ्याला.

संध्याकाळी हे शीळ घालत आले. कितीतरी दिवसांनी शीळ ऐकली. "टेलरबाई, सात नंबरचा नळ बंद केला बघ. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, काका, हातात कसब आहे." मग हात माझ्यापुढे धरला. "बघ, काम केलं की थरथरत नाही."

थरथरत होता.

"नाही थरथरत," म्हटलं. या एका खोट्याची मात्र लाज नाही वाटली.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सात नंबरमध्ये पहाटे नळ फुटला. खोलीभर पाणी, गालिचा भिजून चिंब, बाईंच्या चपला तरंगत होत्या म्हणे. नाश्त्याला मी टेबलाशी बसले होते, शेजारी मोतीवाल्या बाई, समोर मॅनेजर हात बांधून उभा. बाईंचा आवाज आज हळुवार नव्हता. "तुमचाच प्लंबर! बोलवा त्याला!"

"मॅडम, आमच्याकडे इतका म्हातारा माणूसच नाही कामाला."

आणि नेमके तेव्हाच हे आत आले. खांद्यावर टॉवेल. ताटलीत दोन पाव आणि उकडलेलं अंडं घेऊन माझ्या टेबलाकडेच येत होते, हसत.

"हाच तो! आणि बघा, इथे पाहुण्यांत शिरून खातोय!"

सगळ्या माना वळल्या. मॅनेजर तसा सभ्य. "काका, तुम्ही कुठल्या खोलीत उतरलात?" म्हणाला. खोली माझ्या नावावर, आलो तेव्हा काउंटरवरही मीच गेले होते, हे बाहेर बॅगा उतरवत होते. त्याला ह्यांचा चेहरा कसा माहीत असणार?

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी चहात साखर घालायला लागले. मी साखर घेत नाही. एक चमचा घातला, दुसरा घातला, ढवळत राहिले. वर पाहिलंच नाही. पण ते बघतायत हे कळत होतं. माझ्याकडे, मग बाईंकडे, मग परत माझ्याकडे. माणूस साधा आहे, खुळा नाही.

"चुकलो, साहेब," हे म्हणाले. "खाण्याचा वास आला म्हणून आत आलो."

ताटली हळूच बाजूच्या टेबलावर ठेवली आणि गेले. अंडं ताटलीत गोल गोल फिरत होतं.

"कुणीही शिरतं हल्ली!" बाई मला म्हणाल्या.

आणि मी मान हलवली! हो म्हणून! धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, मला तर तिनेही थुंकून टाकलं असतं.

नंतर शोधत गेले तर फाटकापाशी रखवालदाराशेजारी दगडावर बसलेले. मला बघून उठले. पहिलं काय विचारलं असेल? "गालिचा फार भिजला का गं? नळातला वायसर तिरपा बसला असणार. मला दिसलाच नाही."

माझं चुकलं हो — एवढे तीन शब्द. त्याऐवजी म्हटलं, फार नाही भिजला.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

हे खोलीतच थांबले. "तू जा खाऊन ये, मला नाही भूक," म्हणाले. मी रुमालात पाव गुंडाळून आणले, चोरासारखी. त्यांनी नीट बसून खाल्ले, चुरा गोळा करून खिडकीबाहेर टाकला. पान्यांची पिशवी बांधून बॅगेत घातली. न बघता गाठ मारली. एरवी दोनदा सोडून बघतात.

दुपारी धीर करून विचारलं, "रागावलात?"

"छे गं! कशाला रागावू?" म्हणाले आणि टॉवेल वाळत घातला.

कसा माणूस आहे! मनात काही धरून ठेवतच नाही. आम्ही किती भांडलो असू, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे करून विसरून जातात. सगळं सोसून वर मलाच सांभाळून घेतात. मी तरी किती दिवस असं तोंड लपवू? उद्या सकाळी निघायचंय. जायच्या आधी नाश्त्याच्या दालनात सगळ्यांसमोर सांगणार. दुकानाचंही. बाईंची माफी मागणार, ह्यांचीही. ठरलं! लिहिल्यावर जरा हलकं वाटतंय. झोपेत त्यांचा हात हातात घेतला, तर कूस बदलून झोपले. गादीच मऊ.

७ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं. ह्यांचा हात धरून भर दालनात नेलं. मॅनेजर होता, मोतीवाल्या बाई होत्या, सगळे होते. "हे माझे यजमान. परवा मी ओळख दिली नाही. दुकान नव्हतं, जिन्याखाली मशीन होतं." सगळं बोलले.

ह्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. हळूच. मॅनेजरला म्हणाले, "बाईंची काहीतरी गल्लत होतेय, साहेब. मी यांना ओळखत नाही." आणि बॅग उचलून फाटकाकडे गेले.

इतकं सरळ म्हणाले की सगळ्यांना तेच खरं वाटलं. मोतीवाल्या बाईंनी मला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "शांत व्हा हं," म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांना बोलवू का?"