फोन आधी ठेवण्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणाला किंवा धाकाला बळी न पडता लिहून ठेवते. हे शेवटचे शब्द वकील सगळ्यांच्याच मृत्युपत्रात सवयीने घालतात. मी ते मागून घेतले आहेत, कारण धाक म्हणजे काय हे मला एकेकाळी फार जवळून माहीत होते. माझे गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मी हाताने लिहिते आहे आणि माझी नात, म्हणजे मुलाची मुलगी, एकेक पान नेऊन टाइप करते आहे. तिलाही यात काही मिळायचे असल्याने तिची साक्ष चालणार नाही, टाइप करायला हरकत नाही, असे वकिलांनी सांगितले. हे काम तिलाच का दिले ते पुढे येईल.

कलम १. राहते घर मुलगा आणि सून या दोघांना समान हक्काने मिळावे. सुनेचे नाव मुद्दाम घातले आहे. या घरातला कुठला नळ कधी रुसतो हे तिला ठाऊक आहे. माझ्या चिरंजीवांना विजेचा मीटर कुठल्या भिंतीवर आहे तेही सांगता यायचे नाही. अट एकच. नातीच्या खोलीची आतली कडी कोणी काढू नये, आणि दार ठोठावल्यावर उत्तराची वाट पाहावी.

कलम २. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. त्यावरून वाद घालू नये.

कलम ३. माझे यजमान टेलिफोन खात्यातच लाइनमन होते. त्यांचा खांबावर चढायचा चामडी पट्टा, पकड आणि तपासणीचा हातफोन ही हत्यारे मुलाला द्यावीत. तो ती वापरणार नाही, निदान पट्ट्याला वर्षातून एकदा तेल लावावे. यजमानांचा चेहरा पाहण्याआधी दीड वर्ष मी त्यांचा आवाज ऐकत होते. तार जोडून झाली की खांबावरून ते एक्सचेंजमधल्या माझ्या बोर्डला फोन लावायचे आणि म्हणायचे, "ऐकू येतंय का बाई?" मी म्हणायची, "येतंय." एवढेच. वारा असला की तो वाराही ऐकू यायचा. ते गेल्याला नऊ वर्षे झाली. त्या प्रश्नाची मला अजून आठवण येते, आणि आली की रडू येते, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

कलम ४. माझ्या स्टुलावरची उशी माझ्या शेजारच्या बोर्डवर बसणाऱ्या मैत्रिणीला द्यावी. तिला आम्ही 'घाई' म्हणत असू, कारण ती नंबर पुरता ऐकण्याआधीच जोडून मोकळी व्हायची. आम्ही अकरा जणी एका लांबट खोलीत ओळीने बसायचो. समोर बारीक दिव्यांच्या रांगा, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, कानावर हेडसेट. बोलणे चालू असेपर्यंत त्या लाइनचा दिवा जळत राही. तापलेल्या धुळीचा एक वास त्या खोलीला होता. तो मला पुन्हा कुठेही मिळाला नाही, आणि तिथे हसलो तितके पुढे कुठे हसलेही नाही. घाईने ही उशी वीस वर्षे मागितली. आता घे म्हणावे.

कलम ५. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, माझी आरामखुर्ची द्यावी. शिवाय एक म्हण त्याला परत करायची आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ऑपरेटरने लाइनवरचे ऐकायचे नाही, आणि कानावर पडलेच तर बाहेर न्यायचे नाही, असा नियम. एक घरमालक वकिलाला सांगत होता की अमुक तारखेला भाडेकरीण बाईंचे सामान रस्त्यावर काढतो. त्या बाईंनी मला शाळेत अक्षरे गिरवायला शिकवले होते. मी जाऊन त्यांना सावध केले. त्या वाचल्या, आणि भाबडेपणाने माझे आभार मानायला थेट ऑफिसात आल्या. ते आमच्या रेकॉर्ड कारकुनाने ऐकले.

दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरच्या फोनवरून नेमका माझ्या लाइनवर यायचा. "सुटल्यावर मागच्या स्टोअरमध्ये एकटी ये. नाहीतर साहेबांना सांगतो. नोकरी जाईल, आणि का गेली ते गावाला मी माझ्या पद्धतीने सांगेन." पुढे तो जे बोलायचा ते इथे लिहीत नाही.

आता माझा मूर्खपणा. गिऱ्हाइकाने फोन ठेवल्याशिवाय ऑपरेटरने लाइन सोडायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले होते. म्हणून तो थांबेपर्यंत मी ऐकत बसायची. शहाण्यासुरत्या मुलीला कुणी घाण शिव्या घालतो आहे आणि ती नियम पाळते आहे! एकदा तर विनवण्या करायला स्टोअरपर्यंत गेलेसुद्धा. तिथे ऑफिसातली सफाईवाली मावशी झाडत होती म्हणून परत फिरले. त्या मावशीचे उपकार फेडायचे राहून गेले. मी गेले हे पाहून तो जास्तच चेकाळला.

सुपरवायझर बाईंनी ओळखले ते दिव्यावरून. माझ्या बोर्डवर एकच दिवा अकरा मिनिटे जळत होता आणि मी तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. त्यांनी मागून येऊन विचारले, "कोण आहे?" मी रडायलाच लागले.

सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "मग ठेवत का नाहीस?"

"त्याने ठेवल्याशिवाय ठेवायचा नाही, तुम्हीच शिकवलंत ना."

"ते गिऱ्हाइकासाठी, बावळट. हा काय गिऱ्हाईक आहे?"

त्यांनी मला ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, नोंदवायच्या कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. "फोन आला की वेळ लिही, लाइन लिही, तो म्हणेल ते शब्दाला शब्द लिही. उलट उत्तर देऊ नकोस, विनवू नकोस, भांडू नकोस. ओळख पटली की ठेव. भेटायला तर मुळीच जायचं नाही. आणि आता चल साहेबांकडे, आपली चूक आधी आपणच सांगू."

"नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. पण मग त्याच्याजवळ विकायला काय उरलं?"

नोकरी गेली नाही, एक वर्ष बढती थांबली. दुसऱ्या दिवशी बाई माझ्याबरोबर पोलिसांत आल्या. त्याला पकडेपर्यंत नऊ दिवस गेले. त्या दिवसांत बाई शेजारी दुसरा हेडसेट लावून बसायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीखाली सही करायच्या. घाई मला घरापर्यंत सोडायची. सतरा चिठ्ठ्या झाल्या. कारकुनाने सगळे नाकारले, पण चिठ्ठ्यांपुढे त्याचे काही चालले नाही.

घरी मात्र दादा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला बोभाटा केलास? तूच काहीतरी केलं असशील." दादा, मी केलेच होते. म्हणून तर कर नाही त्याला डर कशाला, ही म्हणही माझ्या कामाची नव्हती. ज्याने काहीतरी केलेले असते त्यालाच धमकी येते, आणि त्यालाच मदत लागते. मूठ झाकलेली होती तोवर ती तो माणूस पिळत होता. तुझी म्हण तुला परत. खुर्ची चांगली आहे, बैस आणि विचार कर. राग आता उरलेला नाही, थोडासाच आहे.

यजमानांना मी लग्नाआधी सगळे सांगितले होते. ते म्हणाले, "तरीच मध्यंतरी तुझं 'येतंय' वेगळं ऐकू येत होतं."

<s>कलम ६. माझी पत्र्याची पेटी, तीत हेडसेट, सतरा चिठ्ठ्या आणि काही उरलेल्या कोऱ्या, ही नातीला द्यावी. इतर कलमे माझ्यामागे लागू व्हावीत, हे आजच लागू आहे.

बाळा, तू हे टाइप करते आहेस म्हणून इथेच बोलते. गेले तीन आठवडे तुझा फोन वाजला की तू तो पालथा घालतेस. न्हाणीघरातले गाणे बंद झाले आहे. परवा जिन्यावर तू कुणाला तरी "प्लीज, असं नको ना करूस" म्हणालीस. मी ऐकत नव्हते, कानावर पडले. असल्या आवाजात मीही एकदा बोलले होते. कुणीतरी तुला भीती घालतो आहे. कशावरून, ते मी विचारणार नाही. तू काही केले असशील किंवा नसशील, मला फरक पडत नाही.

त्याचे काही पुसू नकोस. एकेक मेसेज जपून ठेव, तारीख-वेळेसकट. तो मागेल ते देऊ नकोस, एकदा दिले की तो पुन्हा मागतो. उत्तर देऊ नकोस, भेटायला जाऊ नकोस. एका माणसाला सांग. तो माणूस मी असले पाहिजे असेही नाही, तुझी आई माझ्यापेक्षा शहाणी आहे. मग पोलिसांत जाऊ. तिथे आता यासाठी वेगळी माणसे बसतात. मी काठी घेऊन बरोबर येईन.

आणि फोन आधी ठेवण्याचा हक्क मी तुला देते. तो मला बाविसाव्या वर्षी मिळाला, तुला एकोणिसाव्या वर्षीच घे.</s>

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी. मला शांतपणे न्यावे. कुणी भाषण करू नये, विशेषतः दादाने.

सहीपूर्वीची दुरुस्ती, माझ्या हाताने: कलम ६ मी एकच रेघ मारून, वाचता येईल असे खोडले आहे. वस्तू हयातीतच दिली गेली. सहाव्या कलमाचे पान नेल्यावर आतून टाइप करण्याचा आवाज थांबला, तो बराच वेळ सुरू झाला नाही. मग नात येऊन माझ्या पायाशी बसली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजी, आधी आईला हाक मार." काय होते ते तिचे आहे, ते इथे येणार नाही. तक्रार काल नोंदवली. परत आल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. नातीने ओळख पटताच ठेवला आणि पेटीतली कोरी चिठ्ठी काढून वेळ लिहिली. खाली साक्ष म्हणून मी सही केली. चिठ्ठ्या आता अठरा आहेत. हेडसेट तिला नको, जड आहे म्हणाली.

सही: (लिहून ठेवणार)

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई. मी शुद्धीवर आहे असे त्यांनी तपासून लिहून दिले आहे.
साक्षीदार २: मैत्रीण, ऊर्फ घाई. तिची साक्ष चालावी म्हणून कलम ४ मधली उशी तिला आधीच देऊन टाकली. मजकूर पुरता वाचण्याआधीच सही करू लागली, तिला थांबवले.

स्थळ: घराची पुढची खोली, फोनच्या टेबलाजवळ.
दिनांक: अकरा मार्च, सोमवार, सकाळी साडेदहा.

खोडलेल्या कलमाशेजारी आम्ही तिघींनी छोट्या सह्या केल्या आहेत. चौथी सही टाइप करणारीची आहे. तिची गरज नाही असे वकील म्हणाले, पण तिला करायची होती.