डबे काहून कमी झाले?

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा माती खाल्ली! धरमपेठेत वर्गातल्या सौरवच्या घरी मुलाखतीचा सराव होता. तो मुलाखत घेणारा, मी उमेदवार. केस, म्हणजे सोडवायला दिलेला प्रश्न, असा — चहाच्या कंपनीचा नफा घसरला, काय कराल? मी लगेच वहीत झाड काढलं. वर नफा, खाली विक्री अन् खर्च, मग फांद्याच फांद्या. शेवटी सौरव म्हणे, "रोशनी, कंपनीले नेमकं काय पाहिजे, हे तू विचारलंच नाही."

लाज वाटली. एमबीएचं शेवटचं वर्ष, अन् कन्सल्टिंगची, धंदेवाल्याइले सल्ला देणारी, ही एकच कंपनी कॉलेजात येऊन राहिली. वीस तारखेले शेवटचा राऊंड. हा गेला की संपलं.

७ जानेवारी

आंघोळ करतानाही फांद्या!

९ जानेवारी, गुरुवार

सौरव म्हणे, घरातलीच केस घे. आहे ना! बाबा गेल्यापासून आई आमच्या नंदनवन वस्तीत जेवणाचे डबे देते. बारा वर्षं झाली, घर त्याच्यावरच चालते. दिवाळीत चाळीस डबे होते, आता बावीस. काहून?

चव तीच. भाव तोच. पण मागच्या गल्लीत नवी मेस उघडली — सापडलं! दोन तास बसून उपाय लिहिले. रोज वेगळी भाजी, व्हॉट्सॲपवर मेन्यू, रविवारी गोड. स्वतःवरच खूश झाली मी.

११ जानेवारी, शनिवार

आईले कागद वाचून दाखवला. पोळ्या लाटता लाटता ती हसतच सुटली. "अवं, गिऱ्हाईक कुठं गेले? मीच नाही म्हणून राहिली त्याहिले."

"काहून पण?"

"गुडघे लय दुखतात माय. अन् आता तुही नोकरी लागूनच राहिली ना!"

लागूनच राहिली! हिले सांगितलं कोणी? मीच. पहिला राऊंड पार झाला तेव्हा फुशारकी मारली होती. आता आईवरच ओरडली — "मले विचारायचं तरी!" ती म्हणे, "तू तरी मले कुठं विचारलं?"

रात्री मी जेवली नाही.

१३ जानेवारी

आज डबे अठरा. मोजायचं नाही ठरवलं तरी मोजते.

१५ जानेवारी, बुधवार

सौरवले सगळं सांगितलं. तो म्हणे, "चांगलं झालं, धडा भेटला." धडा! त्याचं काय जाते? त्याचे बाबा बँकेत मॅनेजर. त्याले ही नोकरी नाही लागली तर तो दुसरी शोधेल. तसं तोंडावर बोलली अन् तणतणत निघून आली. मग फोन करून माफी मागितली. एका जागी बसवतच नाही मले.

२० जानेवारी, सोमवार

झाला राऊंड. समोर दोघं, एक मॅडम अन् एक सर. केस — बॅटरीच्या कंपनीची विक्री पडली. यावेळी मी शहाणी! आधीच विचारलं, "कंपनीला विक्री खरंच वाढवायची आहे का?"

"हो, अर्थात," मॅडम म्हणाल्या.

इथं थांबायचं ना! पण नाही. डोळ्यांसमोर आईच. मी म्हटलं, "मालक थकले असतील तर? तेच ऑर्डर नाकारत असतील?" मग सर म्हणाले, "चार कारखाने आहेत त्यांचे. पुढे जाऊ या?"

पुढं गेली. पण झाड अर्धंच राहिलं. बाहेर सौरवनं विचारलं, कसा झाला? मी म्हटलं, मस्त.

२२ जानेवारी, बुधवार

यादी लागली. सौरव आहे. मी नाही.

घरी आली तर ओटा मोकळा. आईनं सकाळीच सगळे डबे अन् मोठा कुकर शेजारच्या जयवंता मावशीले देऊन टाकले. "बारा वर्षांत आज पहिल्यांदा दुपारची झोपली वं मी," सांगून राहिली — इतकी खूश! यादीचं मी तिले अजून सांगितलं नाही.