लंडनमधलं लाकडी टेबल

सौ. अक्का,

यशोचा लांबून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, म्हणजे जवळजवळ.

काल आम्हा मेडिकलच्या मुलांना सहलीत इथली दोनशे वर्षांपूर्वीची ऑपरेशनची खोली दाखवली. सवयीनं मी दाराशी बूट काढले. आमच्या बॅचची केतकी म्हणाली, "अरे, देऊळ नाहीये हे!" आत गेलो तर अरुंद लाकडी टेबल, खाली रक्त टिपायला भुशाची पेटी. तेव्हा भूल नव्हती गं. माणसं जागेपणी ओरडायची, बाकीचे धरून ठेवायचे. मला एकदम तूच आठवलीस.

पित्ताशयाचं ऑपरेशन तू परत पुढं ढकललंस, असं भावजी म्हणाले. भूल दिल्यावर उठलेच नाही तर, हीच भीती ना? अक्का, त्या टेबलावरच्यांनी तुझ्या त्या झोपेसाठी काहीही दिलं असतं.

तुझ्या लेकीला, स्मृतीला, माझी सायकल चालवू दे, पण ब्रेक जरा सैल आहेत. रात्री दुखतं का अजून? खरं सांग.

पुढं व्हिएन्ना आहे, तिथं सांगाडे बघायचेत. तू तारीख घे, मी ते सोडून येतो, चालेल? सांगाडे थांबतील, कुठं जाणार?

तू डोळे उघडशील तेव्हा समोर बसलेला,
यशोवर्धन