दुकान धाकटीला, पान लागायच्या आधी

मी, खाली सही करणारी, खुर्च्या-सोफे दुरुस्त करण्याचा व्यवसाय असलेली विधवा, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न झाला. माझ्या थोरल्या मुलाने केला, प्रेमापोटी केला आणि तो फुकट गेला, हेही नमूद करते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहता फ्लॅट, आतल्या सामानासह, माझ्या पश्चात थोरल्याला मिळावा. यावर धाकटीने, म्हणजे माझ्या मुलीने, हक्क सांगू नये. सांगणार नाहीच, तिला तिथला जिना आवडत नाही.

कलम २. माझे दीर, ज्यांना आम्ही थांबराव म्हणतो, त्यांना दुकानातला गिऱ्हाइकांनी बसायचा बाक द्यावा. आमच्या ह्यांनी दुकान काढलं तेव्हा भावाकडे मदत मागितली, तर म्हणाले, "गिऱ्हाईक तर लागू दे, मग बघू." गिऱ्हाईक लागलं आणि स्वारी भागीदारी मागायला दारात हजर! ह्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. मला अजून राग आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत घेऊन जाणार.

कलम ३. पत्त्यांचे जोड आणि बटणांचा डबा आमचे सोफे पोचवणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरला. दर गुरुवारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत आमचा पोकरचा डाव बसतो. बोली ठरलेली असते, एका वेळी ठरावीकच वाढवता येतं, त्यामुळे कोणाचं घरदार जात नाही. पैशांऐवजी सोफ्याची बटणं लावतो आणि शेवटी त्यांची चिल्लर करतो. ड्रायव्हर कुठलंही पान आलं तरी डाव सोडत नाही. त्याला खोटं खोटं घाबरवायला जाणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणूनच तो मला प्रिय आहे.

याच डावातला एक प्रसंग लिहिते, कारण पुढचं कलम त्यावर उभं आहे. माझ्या हातात बदामचा एक्का आणि राणी. टेबलावर सगळ्यांची सामाईक पाच पानं यायची; पहिली तीन उघडली, त्यांत दोन बदाम. अजून एक बदाम आलं की पाच बदाम, म्हणजे माझा कलर झाला. थांबराव, ड्रायव्हर, ग्रंथपालबाई, कंपाउंडर आणि मी, पाचही जण डावात होते. मी बटणं वाढवली. थांबराव माझ्या पानांत डोकावून म्हणाले, "वहिनी, हातात अजून काही नाही तुमच्या! कलर होऊ द्या, मग वाढवा."

म्हटलं, "भावजी, कलर झाल्यावर टेबलावर तीन बदाम सगळ्यांनाच दिसतात. मग कोण देतंय? आत्ता माझ्या एका बटणामागे तुमची चार येताहेत. तीन वेळांतून एकदा जरी बदाम आलं, तरी मी फायद्यात."

त्या दिवशी बदाम आलं नाही. शेवटचं पान चौकटचं निघालं. मी पत्ते खाली ठेवले आणि चहा टाकायला उठले. थांबरावांना कोण आनंद झाला! पण तसाच हात पुन्हा आला, तर मी पुन्हा तसंच खेळेन.

कलम ४. दुकानाची जागा, शिलाई मशीन, पट्टे ताणायची पक्कड, वाकड्या सुया व बँकेतली शिल्लक धाकटीला मिळावी.

कारण सांगते. धाकटी गुडघे धरलेल्या माणसांसाठी खुर्च्या बनवते, हाताला जोर न लावता उठता येईल अशा. मी स्वतः बसून पाहिलंय, उठताना "आई गं" निघत नाही तोंडातून. वृद्धांच्या रुग्णालयाने नमुन्याची एक खुर्ची ठेवून घेतली आहे. ऑर्डर अजून दिलेली नाही. तिकडे शेजारचा औषधवाला दुकान विकत घ्यायला टपलाय. थोरला म्हणतो, "आई, विकून टाक, दोघांत वाट. आणि तिलाच द्यायचं असेल, तर आधी तिचं बस्तान तरी बसू दे." अगदी काकावर गेलाय! अरे, बस्तान बसल्यावर तिला माझी गरज काय? तेव्हा बँकाही दारात उभ्या राहतील.

धाकटीने विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर कुलूप लावायचं. रडत-रखडत चालवायचं नाही, कर्ज काढून आव आणायचा नाही. दुकान विकायचं, निम्मं दादाला द्यायचं आणि ताठ मानेने दुसरं काम धरायचं."

"तू रागावशील."

"तोवर मी असले, तर चहा टाकीन."

इथवर काल लिहिलं आणि तपासायला वकिलांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसत सगळं वाचलं. म्हणाले, "मावशी, चोख आहे. फक्त लक्षात असू द्या, हे सगळं तुमच्या पश्चात. तोवर दुकान तुमचंच."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी तब्येत ठणठणीत आहे. म्हणजे मी अजून चांगली दहा-पंधरा वर्षं जगायची आणि पोरीने तोवर वाट बघायची? थांबरावांना नावं ठेवता ठेवता मी त्यांच्याच बाकावर जाऊन बसले होते की!

"वकीलसाहेब, आत्ताच्या आत्ता द्यायचं तर काय करावं लागतं?"

"बक्षीसपत्र. पण मावशी, एकदा दिलं की परत मागता येत नाही. नीट विचार करा."

"झालाय करून. कागद काढा."

आज सकाळी बक्षीसपत्र नोंदवून आले. बँकेतली शिल्लकही, माझ्या औषधपाण्यापुरती ठेवून, तिच्या खात्यात वळती केली. थोरला सोबत आला होता. फुगून बसला होता, पण आला. सबब, कलम ४ रद्द समजावे. बाकी कलमे कायम.

हे सर्व वाचून, समजून, स्वखुशीने सही केली आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून ग्रंथपालबाई आणि कंपाउंडर यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. कंपाउंडर कुरकुरला, पण सही केली.

साक्षीदार: १. ग्रंथपालबाई (सही)
२. कंपाउंडर (सही)

लिहून ठेवणार: खुर्चीवाल्या बाई (सही)

तारीख: आजची, गुरुवार.
स्थळ: धाकटीचं दुकान, मागची खोली. तिला विचारून बसले आहे.